एवढे पोहे खाल्ले कोणी?

विचारा डेस्कवाल्या काकांना : या महिन्याचं टपाल

प्रश्न : काका नमस्कार. आमचा पोह्यांचा ठेला आहे. सासरे हुकुमचंद मिलमधे होते, ९१ साली मिल बंद पडली तेव्हा त्यांनी सुरू केला, आता माझे मिस्टर चालवतात, मी सकाळी चारला उठून कांदा-मिरची आणि पोहे भिजवायचं बघते. दिवाळीनंतर एक व्लॉगर मुलगा आला, मोबाईल धरून गोड गोड बोलला, दिवसाला किती प्लेट जातात विचारलं, हे म्हणाले रविवारी चारशे पण जातात. झालं. पहिल्या पोर्टलवर आलं महिन्याला अडीच लाख, दुसऱ्यावर वर्षाला तीस लाख, तिसऱ्यावर सरळ "पोहे विकून करोडपती, कमाई ऐकून सॉफ्टवेअर इंजिनियरही लाजेल". वर हे म्हणे आयआयटीचे इंजिनियर, नोकरीवर लाथ मारून पोहे विकतात!! ह्यांनी आयटीआय केलंय हो, पीथमपूरला दोन वर्षं इलेक्ट्रिशियन होते. एका दैनिकाच्या पुरवणीतही तेच छापून आलं. आता घरमालक भाडं वाढवा म्हणतोय, दीर म्हणतात ठेला बाबांचा होता मग आमचा हिस्सा कुठे, भिशीतल्या बायका टोमणे मारतात, आणि शेजारचे एकजण म्हणाले जीएसटीची नोटीस येईल बघा. घरात महिन्याला तीस-पस्तीस हजार उरतात काका. काय करू?
— एक काकू, परदेशीपुरा, इंदूर

उत्तर : काकू, आधी तुमचं पत्र वाचून मी हसलो ह्याबद्दल माफी, पण आयटीआयचं आयआयटी म्हणजे अगदी ध चा मा झाला हो, आनंदीबाईंना निदान एक अक्षर बदलायला कारण होतं, ह्यांना ते पण नाही, कोणीतरी घाईत ऐकलं, कोणीतरी घाईत टाइप केलं, आणि मग ते इतकं छान दिसलं की परत विचारायची कोणाला इच्छाच झाली नाही. मी पेपरात होतो तेव्हा आमच्या डेस्कवर एक म्हातारे चीफ सब (मुख्य उपसंपादक) होते, ते म्हणायचे बातमी फारच गोड लागली की समजायचं कोणीतरी साखर टाकलीय. इंदूरमधे तशी पोह्यातही साखर टाकतात, ते वेगळं.

आता तुमच्या आकड्याचं बघू, कारण सगळी गंमत तिथे आहे. प्लेट वीस रुपयाची. रविवारच्या चारशे प्लेट म्हणजे आठ हजार, त्याला तीसनी गुणलं की दोन लाख चाळीस हजार, "सुमारे अडीच लाख". म्हणजे त्या पोराने काय केलं, महिन्याचे तीसही दिवस रविवार करून टाकले! पुढच्याने बारानी गुणलं, तीस लाख. तिसऱ्याला तीस लाख पुरेना, त्याने विचार केला असेल तीन-चार वर्षांत कोटी होतातच की, लिहून टाकू. ह्यात कोणीही "खोटं" बोललं नाही असं तिघंही छातीवर हात ठेवून सांगतील, आणि प्रत्येकाने आपल्या वाटचं चिमूटभर जीरावण, म्हणजे आपला पोह्यावरचा मसाला, भुरभुरलं एवढंच.

मला सवय आहे, असा आकडा दिसला की मी उलटा भागाकार करतो. वर्षाला एक कोटी पाहिजेत तर वीस रुपयाच्या पाच लाख प्लेट विकाव्या लागतील, म्हणजे दिवसाला जवळपास १३७०, सुट्टी नाही, पाऊस नाही, रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, निघाली तरी ठेला चालू. सकाळी सहा ते अकरा, पाच तास धरले तर दर तेरा सेकंदाला एक प्लेट. मी मुद्दाम परवा आमच्या चौराह्यावरच्या ठेल्यापाशी घड्याळ लावून उभा राहिलो. त्या माणसाचा हात माझ्या बघण्यातला सगळ्यात चपळ हात आहे : वाफेवरच्या परातीतून पोहे काढले, वर सेव, कांदा, जीरावणाचा डबा दोनदा झटकला, लिंबू पिळलं, चार डाळिंबाचे दाणे, चमचा खोचला, दिलं. चाळीस सेकंद. मधे एक गृहस्थ "भिया सेव और डालो ना" म्हणाले आणि स्कॅनरचा आवाज आला नाही म्हणून मोबाईल दाखवायला लागले तर मिनिटावर गेलं. मग तुमचे मिस्टर तेरा सेकंदात एक प्लेट देतात असं छापणाऱ्याने एकदा तरी पोहे घ्यायला लायनीत उभं राहायला नको?

आणि दुसरी गोष्ट, जी बातमीत नेहमीच गडप होते, ती म्हणजे गल्ला वेगळा आणि नफा वेगळा. "कमाई" हा शब्द फार सोयीचा आहे हो, त्यात दोन्ही बसतं. आठवड्याच्या दिवसांत तुमच्या दोनेकशे प्लेट जात असतील असं मी धरतो, सव्वीस दिवसांचे एक लाख चार हजार, चार रविवारचे बत्तीस हजार, म्हणजे गल्ला एक लाख छत्तीस हजार. त्यातून पोहे, तेल, सेव, गॅस, दोणे, भांडी घासणारा मुलगा, महिन्यातून एकदा फाटणारी छत्री. तुम्ही सांगता ते तीस-पस्तीस हजार मला पूर्ण पटतात.

आता करायचं काय. दिरांना आणि घरमालकाला बातमीचा खुलासा तोंडी करत बसू नका, ते म्हणतील लपवताय. गॅसच्या टाक्यांची आणि पोह्यांच्या कट्ट्यांची (पोत्यांची) बिलं असतील ना, ती समोर ठेवा आणि म्हणा करोडपतीचे पोहे एवढ्याशा कट्ट्यांत होतात का बघा. हिशोबापुढे माणूस निदान गप्प बसतो. (दिरांच्या हिश्श्याचं मात्र मी बोलणार नाही, तो प्रश्न बातमीच्या आधीपासून आहे असा मला वास येतोय.)

जीएसटीचं, नुसती बातमी वाचून नोटीस सहसा कोणी पाठवत नाही. २०२५ च्या जुलैत कर्नाटकात छोट्या दुकानदारांना ज्या नोटिसा गेल्या त्या यूपीआयवर जमा झालेल्या पैशांवरून गेल्या होत्या. नोंदणीची मर्यादा मालाला वर्षाला चाळीस लाख आणि सेवेला वीस लाख उलाढाल अशी आहे, तुमचा हिशोब सव्वासोळा लाखाच्या आसपास येतो, म्हणजे आत आहात, पण फार आत नाही, म्हणून एकदा ओळखीच्या सीएला विचारून घ्या आणि भिशी वगैरे घरचे पैसे ठेल्याच्या स्कॅनरवर घेऊ नका.

दुरुस्तीसाठी : तिन्ही बातम्यांचे स्क्रीनशॉट तारखेसकट काढून ठेवा, कारण पोर्टलवाले हेडिंग गुपचूप बदलतात आणि मग "आम्ही असं लिहिलंच नव्हतं". पोर्टलच्या अगदी खाली बारीक अक्षरात तक्रार अधिकाऱ्याचा ईमेल असतो, तिथे चार ओळी लिहा, नुसतं "आमची बदनामी झाली" नाही तर "अमुक वाक्य चूक, बरोबर असं आहे". पेपरच्या पुरवणीसाठी आधी संपादकाला पत्र, त्याने काही केलं नाही तर प्रेस कौन्सिल आहे, पण दैनिकाची तक्रार छापून आल्यापासून दोन महिन्यांच्या आत करावी लागते, विचार करत बसाल तर मुदत जाईल. कौन्सिल दंडबिंड करत नाही, ताकीद देते, ठपका ठेवते. तरी ताकीदीला पेपरवाले घाबरतात, मी घाबरायचो.

आणि मिस्टरांना सांगा पुढचा मोबाईलवाला आला की मंगळवारचा आकडा सांगा.

प्रश्न : सर, मी इथेच युनिव्हर्सिटीत पत्रकारिता शिकतोय आणि एका न्यूज पोर्टलवर इंटर्न आहे. रोज आठ-दहा "व्हायरल" बातम्या करायच्या असतात. हेडिंगमधे धुमाकूळ, थक्क, रातोरात, नेटकरी हे शब्द यायलाच पाहिजेत असं सांगितलंय. काल एका आजोबांच्या स्कूटरच्या व्हिडिओला नऊशे लाइक होते तरी मी "इंटरनेटवर धुमाकूळ" लिहिलं. व्हायरल म्हणजे नक्की किती व्ह्यूजनंतर म्हणायचं?
— एक इंटर्न, भंवरकुआं

उत्तर : बाळा, किती म्हणजे किती हे कुठेच ठरलेलं नाही, आणि म्हणूनच हा धंदा चालतो. ताप किती हे थर्मामीटर सांगतो, व्हायरल किती हे ज्याला बातमी पाहिजे तो सांगतो.

पण व्ह्यू म्हणजे काय एवढं तरी समजून घे, कारण तुझ्या कॉपीत "लाखो लोकांनी पाहिला" असं येतं आणि ते शब्दशः बरोबर नसतं. फेसबुकवर पूर्वी तीन सेकंद व्हिडिओ चालला की व्ह्यू धरायचे. यूट्यूब शॉर्ट्सला तर ३१ मार्च २०२५ पासून किमान वेळच नाही, वाजायला लागला की एक, परत वाजला की आणखी एक. इन्स्टावर पण रील सुरू झाली की मोजायला लागतात आणि तीच परत बघितली तर परत मोजतात. म्हणजे सराफ्यातल्या खाऊगल्लीत रात्री अकरा वाजता गर्दीतून ढकलत जाताना एखाद्या दुकानावर तुझी नजर पडली तर ते दुकानदाराने "गिऱ्हाईक" म्हणून लिहून ठेवण्यातला प्रकार आहे. माझी बायको एकच मोदकाच्या पाकळ्यांची रील चौदा वेळा बघते कारण हात ओले असतात आणि ती आपोआप परत सुरू होते. त्या बाईंच्या खात्यावर आमच्या घरचे चौदा लोक जमा.

तेव्हा "दहा लाख लोकांनी" नको लिहू, "दहा लाख व्ह्यूज" लिही, आणि कुठे ते पण लिही. "नेटकऱ्यांचा संताप" लिहायच्या आधी कमेंटा मोज, बहुतेक वेळा चार असतात आणि त्यातली एक लोन देणाऱ्याची असते.

तुला उपदेश करतोय पण आम्ही काही फार सोवळे नव्हतो. ह्याच गावात राहुल बारपुत्यांसारखा मराठी माणूस नई दुनिया ह्या हिंदी दैनिकाचा संपादक होता, कुमार गंधर्व आणि चित्रकार विष्णू चिंचाळकर गुरुजी हे त्यांचे गोतावळ्यातले, ती भाषा, तो तोल आम्ही लांबून बघितलाय. पण आमच्या डेस्कवर? कोणी गेलं की शहर शोकसागरात बुडायचं. एकदा मी स्वतः "विराट जनसमुदाय" लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्या घरचा मुलगा येऊन म्हणाला काका तुम्ही लिहिलंत ते छान वाटलं पण आम्ही दोन टेम्पोत मावलो होतो. त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. फरक एवढाच की तेव्हा फुगवलेली ओळ दुसऱ्या दिवशी कचोरीच्या खाली जायची. आता ती त्या माणसाच्या नावाला चिकटून राहते, त्याच्या मुलीचं लग्न जमवायला गेले की समोरचे आधी गुगल करतात.

त्या स्कूटरवाल्या आजोबांना फोन केला होतास का? नंबर नव्हता असं म्हणशील. मग निदान "धुमाकूळ" काढ, "एका आजोबांचा व्हिडिओ सध्या बघितला जातोय" लिही, चीफ चिडेल, एकदा चिडू दे.

प्रश्न : आमच्या सकाळच्या फिरण्याच्या ग्रुपमधे वाद झाला. एक म्हणतात इंटरनेटने गरिबांचं नशीब उघडलं, रानू मंडलला सलमानने बंगला दिला, महेश्वरच्या माळावाल्या मुलीने कुंभात दहा कोटी कमावले. मी म्हणतो थापा. कोण बरोबर?
— एक निवृत्त बँकवाले, लोकमान्य नगर

उत्तर : तुम्ही बँकेतले, तुम्हाला भागाकार मी काय शिकवणार. तरी करू. २०२५ च्या जानेवारीत महेश्वरची ती मुलगी प्रयागराजला माळा विकायला गेली होती, डोळ्यांमुळे व्हिडिओ फिरला, आणि बातम्या आल्या दहा दिवसांत दहा कोटी. माळ शंभराची धरा. दहा लाख माळा, दिवसाला एक लाख. एवढ्या माळा ठेवायलाच तंबू लागला असता. ती स्वतः म्हणाली की एवढे मिळाले असते तर इथे माळा कशाला विकत बसले असते! झालं उलटंच होतं, सेल्फीवाल्यांच्या गराड्यात तिला माळाच विकता येईनात, शेवटी घरच्यांनी परत पाठवली. म्हणजे ज्या दिवसांत हेडिंगमधे कोटी मोजले जात होते नेमक्या त्याच दिवसांत तिचा धंदा बुडत होता. मला ह्या सगळ्यात हेच सगळ्यात वाईट वाटतं, आणि नर्मदेच्या घाटावर कधी माळ घेताना आपण पाच रुपयांसाठी किती घासाघीस करतो ते पण आठवतं.

रानू मंडल ह्यांचं, राणाघाट स्टेशनवर गातानाचा व्हिडिओ २०१९ चा, त्यातून हिमेश रेशमियाने गाणं गाऊन घेतलं, इथपर्यंत खरं. पंचावन्न लाखाचं घर दिल्याची बातमी सलमाननेच खोटी म्हणून सांगितली. पण तुमच्या मित्रांच्या फोनपर्यंत बंगला पोचला आणि इन्कार राहिला वाटेत, इन्काराला तेवढे पाय कुठे असतात.

दिल्लीचा बाबा का ढाबा आठवतो? २०२० च्या ऑक्टोबरमधे रडणाऱ्या म्हाताऱ्याचा व्हिडिओ, दुसऱ्या दिवशी रांगा, मदतीचा पूर, मग त्याच पैशांवरून व्हिडिओ करणाऱ्याशी भांडण, डिसेंबरमधे रेस्टॉरंट, फेब्रुवारीत ते बंद, कारण खर्च लाखाचा आणि विक्री त्याच्या निम्मी पण नाही, आणि बाबा परत जुन्या टपरीवर. रांगेच्या दिवशीचे फोटो सगळ्यांनी छापले. फेब्रुवारीची बातमी किती जणांनी वाचली? कच्चा बादामवाले भुबन बड्याकर, त्यांचं गाणं सगळ्या देशाने नाचून घेतलं, आणि २०२३ मधे तेच सांगत होते की माझंच गाणं मी टाकलं की कॉपीराइट लागतो.

मग तुम्ही बरोबर? पूर्ण नाही हो. आपल्याच राज्यातले विदिशाचे डान्सिंग अंकल घ्या, २०१८, ग्वाल्हेरच्या लग्नात गोविंदाच्या गाण्यावर नाचले, पेपरांनी "रातोरात" लिहिलं. ते स्वतः सांगत होते की मी १९८२ पासून नाचतोय. छत्तीस वर्षांची रात्र! पण त्यांचं काही बिघडलं नाही, विदिशा नगरपालिकेने ब्रँड ॲम्बेसेडर केलं, मुंबई फिरून आले, मजा आली त्यांना. त्यांच्याकडे प्रोफेसरकी होती, परतायला जागा होती. मला वाटतं खरा फरक तिथेच आहे, ज्याच्या पायाखाली आधीपासून फरशी होती तो हरभऱ्याच्या झाडावरून पडला तरी लागत नाही. आणि आपल्या सराफ्यातला दहीवड्याचा दोणा हवेत उडवणं, एका चिमटीतून पाच मसाले वेगवेगळे सोडणं, ते तर रील्सच्या किती आधीपासूनचं, तिथे इंटरनेट नंतर आलं आणि लायनीत मागे उभं राहिलं.

ग्रुपमधे चहा तुमच्या मित्रांकडून घ्या, पण समोसा तुमचा.

प्रश्न : माझ्या नातवाच्या रीलला अकरा हजार व्ह्यूज आले. तो रामरक्षा म्हणतो. तुमच्या ओळखीने पेपरात येईल का?
— एक आजी, रामबाग

उत्तर : येईल आजी, ओळख अजून तेवढी आहे. पण ते "चिमुकल्याने जिंकली कोट्यवधींची मनं" असं लिहितील, आणि मग शाळेत पोरं त्याला काय म्हणून हाक मारतील ते मला पण माहितेय तुम्हाला पण. त्यापेक्षा पुढच्या गुरुवारी त्याला आमच्याकडे घेऊन या, पूर्ण म्हणून दाखवू दे, मधे ढापतो का ते बघतो.

दुरुस्ती : मागच्या अंकात ह्याच पानावर मी लिहिलं होतं की आमच्या गल्लीतल्या गणपतीच्या व्याख्यानाला "तुडुंब गर्दी" होती. स्नेहलतागंजच्या एका वाचक बाईंनी कळवलंय की त्या स्वतः हजर होत्या आणि खुर्च्या चाळीस होत्या. मंडळाच्या खजिनदाराला विचारलं. खुर्च्या चाळीसच, सहा मोडक्या म्हणून बाजूला ठेवल्या होत्या, आणि पहिल्या रांगेत कोणी बसलं नव्हतं.